आठ मोटर, हालचाली तीन: चारही चाकं वळणाऱ्या रोबोला रेषेवर ठेवताना

तुम्ही कोडसकट पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. द्राक्षाच्या गाळ्यातून चालणारा फवारणीचा रोबो आहे. चारही चाकांना वळवायची वेगळी मोटर, चारही चाकांना ओढायची वेगळी मोटर. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १.२ मीटर, डाव्या-उजव्या चाकांमधलं १.० मीटर, टाकी भरून वजन साधारण २५० किलो, वेग ०.८ मीटर प्रति सेकंद. प्युअर पर्स्यूट (मार्गावरचा थोडा पुढचा बिंदू धरून त्याकडे वळत राहायची पद्धत) लावलंय. सरळ ओळीतसुद्धा रोबो नागमोडी जातो, वळण घेताना चाकं घासतात आणि माती लोटतात, मधूनच एखादा मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट) जास्त करंटमुळे बंद पडतो, आणि थांबताना कधीकधी एक चाक अचानक अर्धा गिरका मारतं. 'एमपीसी (मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल: गाडीच्या मॉडेलवरून पुढचे काही क्षण आधीच मांडून आदेश ठरवणं) लावलं तर सुटेल का?'

आधी एमपीसीचं सांगतो: आत्ता नको. या चार तक्रारींपैकी एकही मार्ग पकडणाऱ्या गणिताच्या हुशारीची नाही. आठ मोटरींनी एकमेकींशी जुळवून कसं घ्यायचं, हे कुठेच ठरलेलं नाही, म्हणून त्या उद्भवल्या आहेत. सपाटीवर कुठल्याही गाडीच्या हालचाली तीनच: पुढे जाणं, आडवं सरकणं आणि जागच्या जागी फिरणं. तुमच्याकडे त्यासाठी आठ मोटर आहेत. उरलेल्या पाच मोकळ्या सोडल्या की त्या एकमेकींविरुद्ध जोर लावणार, आणि तो जोर टायर, गिअरबॉक्स नाहीतर ड्रायव्हर यांपैकी कुणालातरी सोसावा लागणार.

नागमोडी चालीपासून सुरू करू, कारण तिचं निम्मं कारण तुमच्या कोडमध्ये दिसतंय. कोन काढताना तुम्ही व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गुणिले वक्रता (१ भागिले वळणाची त्रिज्या) यांचा आर्कटॅन हे पुढच्या दोनच चाकांनी वळणाऱ्या गाडीचं सूत्र वापरलंय, आणि आलेला कोन मागच्या चाकांना उलट चिन्हाने दिलाय. मागची चाकं उलटी वळली की फिरण्याचं केंद्र मागच्या आसाच्या रेषेवर न राहता गाडीच्या मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेवर येतं, म्हणजे परिणामी व्हीलबेस निम्मा होतो. २ मीटर त्रिज्येसाठी तुमचं सूत्र ३१ अंश देतं, आणि पुढे-मागे ३१ अंश दिल्यावर गाडी १ मीटर त्रिज्येवर वळते. दर वेळी मागितल्याच्या जवळपास दुप्पट वळण मिळतंय. गेन (चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं तो गुणक) असा दुप्पट झाला की कंट्रोलचा लूप (मोजा, सुधारा, पुन्हा मोजा ही फेरी) सहज डोलायला लागतो. लुकअहेड (किती पुढचा बिंदू धरायचा ते अंतर) वाढवून तुम्ही ते थोडं दाबलंत, पण मग वळणात रोबो आतून कट मारायला लागला असणार.

आता चाकांचं गणित. दोन चाकांचं सायकल मॉडेल (डावं-उजवं चाक मिळून एकच धरणारं) सोडून द्या. मार्ग पकडणाऱ्या भागाने फक्त तीन आकडे द्यायचे: गाडीच्या मध्याचा पुढचा वेग, आडवा वेग (डावीकडे धन) आणि फिरण्याचा वेग (डावीकडे धन). प्रत्येक चाकासाठी:

चाकाचा पुढचा वेग = गाडीचा पुढचा वेग − फिरण्याचा वेग × चाकाचं डावीकडचं अंतर
चाकाचा आडवा वेग = गाडीचा आडवा वेग + फिरण्याचा वेग × चाकाचं पुढचं अंतर

या दोन आकड्यांची दिशा हा चाकाचा कोन, त्यांची लांबी हा चाकाचा वेग. खेकडाचाल, जागच्या जागी फिरणं, विरुद्ध वळण असे वेगळे 'मोड' लिहायची गरज नाही. ते सगळे याच दोन ओळींतून निघतात.

तुमच्या मापांवर करून पाहा. ०.८ मीटर प्रति सेकंद वेगाने २ मीटर त्रिज्येचं डावं वळण म्हणजे फिरण्याचा वेग ०.४ रेडियन प्रति सेकंद. पुढच्या डाव्या चाकाला २१.८ अंश आणि ०.६५ मीटर प्रति सेकंद येतात, पुढच्या उजव्याला १३.५ अंश आणि १.०३. मागच्या चाकांना तेच वेग आणि तेच कोन उलट चिन्हाने. सायकल मॉडेल बरोबर, म्हणजे निम्मा व्हीलबेस धरून वापरलं असतं तरी दोन्ही चाकांना १६.७ अंशच मिळाले असते. म्हणजे डावं चाक पाच अंशांनी चुकीचं आणि उजवं तीन अंशांनी. काळ्या मातीत तेवढ्याने चाकाच्या बाजूला मातीचा वरंबा उभा राहतो.

सूत्र बरोबर असूनही चाकं घासतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा पुढे सांगतो ते असतं. हा भाग सावकाश वाचा. प्रत्येक स्टिअरिंग मोटरला वेगाची मर्यादा आहे, समजा ६० अंश प्रति सेकंद. सरळ चालीतून वरच्या वळणात जायचंय. प्रत्येक चाकाला आपापलं लक्ष्य दिलं आणि ज्याने त्याने आपल्या कमाल गतीने गाठायचं ठरलं, तर ०.२२ सेकंदांनी उजवं चाक १३.५ अंशांवर पोचून थांबतं. त्या क्षणी डावंही १३.५ वरच असतं आणि त्याला अजून आठ अंश जायचंय. पुढची दोन्ही चाकं समांतर, मागची दोन्ही उलट्या बाजूला समांतर. चारही आसांच्या रेषा वाढवल्या तर एका बिंदूत मिळतच नाहीत. गाडी एकाच वेळी दोन-तीन केंद्रांभोवती फिरायचा प्रयत्न करते आणि टायर घसटत जातात.

म्हणून मर्यादा चाकांच्या कोनांवर स्वतंत्रपणे लावू नका. ती वरच्या, सामाईक आकड्यांवर लावा. मी गाडीची चाल दोन आकड्यांत धरतो: तिरकेपणा (गाडीच्या तोंडापेक्षा मध्याचा वेग किती अंश वाकडा आहे) आणि वक्रता (फिरण्याचा वेग भागिले चालीचा वेग). फिरण्याच्या केंद्राचे सहनिर्देशक वापरले तर सरळ चालीत ते अनंताकडे पळतात आणि गणित फाटतं. वक्रता त्या वेळी सरळ शून्य होते, इतकंच. दर फेरीत काय करायचं: आत्ताची जोडी घ्या, हवी असलेली जोडी घ्या, दोन्हींवरून चारही चाकांचे कोन काढा आणि प्रत्येक चाकाला किती वळावं लागेल ते बघा. लूप ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० फेऱ्या) असेल तर ६० अंश प्रति सेकंद म्हणजे फेरीला १.२ अंश. एखाद्या चाकाला ३.६ अंश लागणार असतील, तर तिरकेपणा आणि वक्रता या दोन्हींतला बदल तीनने भागा. मग त्या नव्या जोडीवरून चारही कोन पुन्हा काढा. कोन आणि वक्रतेचं नातं सरळ रेषेचं नाही, म्हणून एक फेरी तपासून गरज पडली तर आणखी थोडं आखडा. सगळ्यात मंद चाकाच्या चालीने बाकीची चालतात, आणि वाटेतल्या प्रत्येक क्षणी चौघांचं केंद्र एकच राहतं. मर्यादा मोटरच्या खऱ्या क्षमतेच्या ७० टक्के धरा, नाहीतर बॅटरी उतरल्यावर किंवा चाक ढेकळात अडकल्यावर हे सगळं कागदावरच राहील.

मार्गही या मर्यादेला साजेसा हवा. सरळ रेषेला थेट वर्तुळाचा तुकडा जोडला, तर त्या सांध्यावर चाकांनी क्षणात २१.८ अंश वळावं अशी मागणी होते. प्रत्यक्षात ०.३६ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात रोबो २९ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. सांध्यात वक्रता सावकाश वाढवत नेणारा एक मीटरचा तुकडा घाला. तुमच्या वेगाला त्या तुकड्याच्या शेवटी आतल्या चाकाला साधारण २१ अंश प्रति सेकंद लागतात, मर्यादेच्या बऱ्याच आत. जागा नसेल तर वेग कमी करा. मार्गावर दर मीटरला चाक किती अंश वळणार हे आधीच काढता येतं. मोटरची मर्यादा त्या आकड्याने भागली की त्या ठिकाणचा कमाल वेग मिळतो.

अर्धा गिरका. प्रत्येक चाकाला दोन बरोबर उत्तरं असतात: एक कोन, आणि त्यात १८० अंश मिळवून चाक उलटं फिरवणं. थांबताना वेग शून्याजवळ आला की दिशा काढायला उरतो तो फक्त मोजमापातला गोंधळ (नॉइज), आणि गणित एका उत्तरावरून दुसऱ्यावर उडी मारतं. ०.०५ मीटर प्रति सेकंदाखाली कोन गोठवा. चालू असताना उत्तर बदलायचंच नाही, फक्त उभं असताना. फिरण्याचं केंद्र कुठल्याही चाकापासून अर्ध्या मीटरपेक्षा जवळ येऊ देऊ नका, तिथेही चाकाला तसाच वेडा गिरका मारावा लागतो. आणि ओढणाऱ्या मोटरला द्यायचा वेग हव्या आणि प्रत्यक्ष कोनातल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. चाक अजून ९० अंश चुकीचं असेल तर त्याने ओढू नये, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं स्टिअरिंग ±४५ अंशांवर अडत असेल तर जागच्या जागी फिरणं विसरा, त्याला तुमच्या मापांत ५०.२ अंश लागतात. मग सगळ्यात लहान त्रिज्या १.१ मीटर.

हे झाल्यावर मार्ग पकडणं खरंच सोपं उरतं. मार्गावरचा सगळ्यात जवळचा बिंदू घ्या. आडवी चूक (गाडी मार्गापासून किती बाजूला आहे) आणि तोंडाची चूक (तोंड मार्गाच्या दिशेपेक्षा किती वाकडं आहे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या गाडीत त्या वेगवेगळ्या सुधारता येतात. साध्या ट्रॅक्टरला आडवं सरकायचं असेल तर आधी तोंड वाकडं करावं लागतं, तुम्हाला नाही. मार्गाच्या दिशेने हवा तो वेग, मार्गाला काटकोनात उणे गेन गुणिले आडवी चूक, आणि फिरण्यासाठी मार्गाची वक्रता गुणिले वेग उणे गेन गुणिले तोंडाची चूक. मग पहिले दोन वेग तोंडाच्या चुकीइतके फिरवून गाडीच्या चौकटीत आणा. दोन्ही गेन ०.८ प्रति सेकंदापासून सुरू करा. १० सेंटिमीटर चुकीला आडवा वेग ०.०८ येतो, म्हणजे ५.७ अंश तिरकेपणा. आडवा वेग चालीच्या वेगाच्या चतुर्थांशावर कापा, म्हणजे तिरकेपणा १४ अंशांच्या पुढे जात नाही.

०.८ हा आकडा हवेतून आलेला नाही. तो विलंबावर ठरतो, आणि तुमचा विलंब मला माहीत नाही. तो मोजा. सरळ चालताना अचानक ५ अंश तिरकेपणा द्या आणि पोझिशनमध्ये आडवी हालचाल दिसेपर्यंत किती वेळ गेला ते लॉगमधून काढा. जीपीएस, फिल्टर आणि स्टिअरिंग धरून ०.३ सेकंद येणं नवलाचं नाही. चूक कमी होताना रेषा ओलांडून पलीकडे जाऊ नये, यासाठी गेन गुणिले विलंब ०.३७ च्या आत ठेवावा लागतो. ०.३ सेकंदाला वरची सीमा १.२. विलंब ०.६ निघाला तर ०.६ च्या वर जायचंच नाही, मग कंट्रोलर कुठलाही असो. मार्गाची वक्रताही तेवढ्याच विलंबाइतकी पुढची वाचा: ०.३ सेकंद म्हणजे २४ सेंटिमीटर पुढची.

नागमोडी चालीचं उरलेलं निम्मं कारण इथे असू शकतं. तुम्ही लिहिलंय, जीपीएसचा अँटेना एकच आहे आणि हेडिंग (तोंडाची दिशा) जीपीएसच्या कोर्सवरून घेताय. ट्रॅक्टरवर हे खपतं. इथे नाही. कोर्स म्हणजे गाडी कुठे सरकतेय ते, तोंड कुठे आहे ते नव्हे. तुम्ही ६ अंश तिरकी चाल दिली की कोर्स ६ अंश बदलतो, सॉफ्टवेअरला वाटतं तोंड फिरलं, ते उलटं फिरवायला जातं, आणि आता खरंच तोंड वाकडं होतं. दोन अँटेना लावा, मध्ये निदान एक मीटर ठेवा. नाहीतर प्रत्यक्ष चाकांच्या कोनांवरून काढलेला तिरकेपणा कोर्समधून वजा करून जायरोशी (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) जोडा. अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर गाडी ३ अंश कलल्यावर तो जवळपास ८ सेंटिमीटर बाजूला जातो. आरटीकेची (जमिनीवरच्या स्टेशनच्या मदतीने सुधारलेलं जीपीएस) दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता तिथेच संपते, म्हणून कल सुधारून घ्या. आणि बाग मांडवाची असेल तर पानोळा (वरचं पानांचं छत) दाट झाल्यावर आरटीकेचा फिक्स (सेंटिमीटरची अचूकता देणारी स्थिती) टिकेल यावर विसंबू नका. तिथे ओळीचे खांब बघणारा लिडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) लागेल. वरचं बाकी गणित तेच राहतं.

ड्रायव्हर बंद पडण्याकडे येऊ. प्रत्येक चाकाला स्वतंत्र वेगाचा पीआय लूप आहे (प्रपोर्शनल भाग आत्ताच्या चुकीइतका जोर लावतो, इंटिग्रल साठत गेलेल्या चुकीइतका), इंटिग्रल जोरदार. टाकी भरलेली आणि रिकामी यात टायरची त्रिज्या २०० मिलिमीटरात २ मिलिमीटर बदलली तरी एक टक्का झाला. एका चाकाचा वेग बाकीच्यांपेक्षा एक टक्का वेगळा मागितला जातोय, जमीन तो देत नाही, आणि इंटिग्रल हट्टाने करंट चढवत राहतं. एक चाक ओढतं, दुसरं ब्रेक लावतं, आणि शेवटी कुणीतरी बंद पडतं. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरलाही अशीच अडचण होती. सहा चाकांना मोटर, चार कोपऱ्यांतली चाकं वळणारी, आणि खडकावर चढणाऱ्या चाकाला बाकीची चाकं रेटत होती. २०१७ मध्ये त्याला पृथ्वीवरून नवं सॉफ्टवेअर पाठवलं गेलं, जे सस्पेंशनच्या हालचालीवरून प्रत्येक चाकाचा वेग जुळवून घेतं.

तुम्हाला इतकं करायची गरज नाही. चाकांच्या लूपमधलं इंटिग्रल काढून टाका आणि प्रपोर्शनल मुद्दाम मऊ ठेवा. भुसभुशीत मातीत लोळणाचा विरोध वजनाच्या दहा टक्के धरला तर एकूण साधारण २४५ न्यूटन, चाकामागे ६१, म्हणजे २०० मिलिमीटर त्रिज्येला १२ न्यूटन-मीटर. एवढा टॉर्क वेगातल्या ५ टक्के चुकीला यावा, असा गेन ठेवा. मग त्रिज्येतल्या एका टक्क्याने फक्त अडीच न्यूटन-मीटरचं भांडण होतं. वेग कमी पडेल, तो वरून भरून काढा: इंटिग्रल फक्त गाडीच्या पुढच्या वेगावर आणि फिरण्याच्या वेगावर लावा, एकेका चाकावर नाही. चढावर मागच्या चाकांवर भार जास्त येतो, तेव्हा टॉर्क भाराच्या प्रमाणात वाटला तर आणखी बरं. सपाट बागेत ते पुढच्या हंगामाला ठेवलं तरी चालेल.

गाडीचा खरा वेग चाकांवरूनच काढता येतो, आणि तोच तुमचा सगळ्यात कामाचा थर्मामीटर आहे. प्रत्येक चाकाच्या मोजलेल्या कोनावरून आणि वेगावरून त्याचा पुढचा-आडवा वेग काढा. चाकं मध्याभोवती सारखी मांडलेली असल्यामुळे पुढचा वेग म्हणजे चौघांची सरासरी, आडवाही तसाच. फिरण्याचा वेग म्हणजे (पुढचं अंतर × आडवा वेग − डावीकडचं अंतर × पुढचा वेग) यांची चौघांची बेरीज, भागिले २.४४. या तीन आकड्यांवरून प्रत्येक चाकाचा वेग उलटा काढा आणि मोजलेल्यातून वजा करा. उरतं ते भांडण. सपाट काँक्रीटवर ते चालीच्या वेगाच्या ५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे ४ सेंटिमीटर प्रति सेकंदापेक्षा, जास्त असेल तर कंट्रोलरला हात लावू नका. कॅलिब्रेशन चुकलंय.

आणि कॅलिब्रेशन बहुतेकांचं चुकलेलं असतं. चारही चाकांचं शून्य एक अंशाने एकाच बाजूला सरकलं तर रोबो मीटरमागे पावणेदोन सेंटिमीटर आडवा जातो. दोन चाकांचं विरुद्ध बाजूला सरकलं तर रेषेवर दिसतो, पण करंट वाढलेला असतो. दोन्ही बाजूंनी गाडीला समांतर सुतळी ताणा आणि प्रत्येक रिमच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर मोजपट्टीने घ्या. ३० सेंटिमीटरच्या रिमवर ५ मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश. एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) मोटरवर असेल तर गिअरबॉक्सचा बॅकलॅश (दातांमधली ढील) त्याला दिसत नाही. तो वळणाऱ्या शाफ्टवरच हवा. टायर जमिनीला टेकतो ती जागा वळण्याच्या अक्षाखाली नसून ५ सेंटिमीटर बाजूला असेल, तर ६० अंश प्रति सेकंदाने वळताना चाकाला ५ सेंटिमीटर प्रति सेकंद फिरावं लागतं. तेवढं ओढण्याच्या वेगात मिळवा. चिन्ह चुकलं तर करंट उलट वाढतो, लगेच कळतं.

उताराच्या बागेत एक गोष्ट वाढते. गाळा आडव्या उतारावर असेल तर टायर खालच्या बाजूला दोन-तीन अंश घसरत चालतो. ३ अंशांना ०.८ वेगावर ४ सेंटिमीटर प्रति सेकंद, आणि ०.८ गेनला रोबो कायमचा ५ सेंटिमीटर खाली चालतो. आडव्या चुकीवर हलकं इंटिग्रल लावा, ०.१ च्या आसपास, आणि त्याचा वाटा ५ अंश तिरकेपणावर कापा. वळणात आणि स्टिअरिंग मर्यादेला टेकलेलं असताना ते गोठवा, नाहीतर ओळ संपल्यावरच्या वळणात साठलेलं इंटिग्रल पुढच्या ओळीत वेलीच्या खोडावर निघेल. सगळी चाकं वळवण्याचा पैसा वसूल होतो तो इथे: गाडी वरच्या बाजूला तिरकी चालते, पण तोंड ओळीला समांतर राहतं, त्यामुळे नोझल दोन्ही बाजूंच्या पानांपासून सारख्या अंतरावर राहतात.

एमपीसी कधी? वेग ३-४ मीटर प्रति सेकंदाच्या पुढे गेला तर. तुमच्या वळणात आडवं त्वरण ०.३२ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, टायरला ते जाणवतही नाही. ५ मीटर प्रति सेकंदाने १० मीटर त्रिज्येवर ते २.५ होतं, तेव्हा टायरचं घसरणं मॉडेलमध्ये घ्यावंच लागतं. किंवा जागा इतकी अरुंद असेल की मर्यादा सतत टेकतात. तेव्हाही एमपीसीला आठ मोटर देऊ नका. तिरकेपणा, वक्रता आणि वेग यांच्या बदलाचे दर एवढे तीनच इनपुट द्या. खालचं सगळं हेच राहतं.

चाचणीचा क्रम: आधी चाकं जमिनीपासून उचलून, मग काँक्रीटवर खडूची रेषा मारून सरळ, मग त्याच काँक्रीटवर २ मीटरचं वर्तुळ, आणि सगळ्यात शेवटी बाग. उभ्या गाडीवर कोरड्या काँक्रीटवर चाकं वळवू नका. ०.१ मीटर प्रति सेकंदाने सरकत वळवा, स्टिअरिंग मोटरवरचा भार बराच हलका होतो. वर्तुळाच्या चाचणीचा लॉग टाका: चारही कोन मागितलेले आणि मोजलेले, चारही वेग, चारही करंट, आणि मोजलेला विलंब. गेनबद्दल त्यानंतर बोलू.